वॉशिंग्टन राज्यात तिसऱ्या काढायला जाताना: परवान्यापासून पातेल्यापर्यंत

मे महिना उजाडला की सिॲटलच्या आसपासच्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर दरवर्षी तेच प्रश्न येतात. "इथे तिसऱ्या काढता येतात म्हणे, कुठे?" "कालवांना परवाना लागतो का?" "आईबाबा आलेत, त्यांना सोबत नेलं तर चालेल ना?" (तिसऱ्या म्हणजे छोट्या शिंपल्या, इंग्रजीत क्लॅम; कालवं म्हणजे ऑयस्टर.) एकेकाला तुकड्यातुकड्यानं उत्तरं देण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

माझं माहेर दाभोळ खाडीच्या काठचं. ओहोटी लागली की बायका पाट्या आणि कोयते घेऊन चिखलात उतरायच्या आणि दोन तासांत तिसऱ्या, खुबे, कालवं घेऊन वर यायच्या. कुणाला काही विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. त्यामुळे इथे आल्यावर नियमांचं पुस्तक पाहून मी आधी वैतागले. आता इतक्या वर्षांनी त्यातला एकेक नियम कशासाठी आहे ते कळतं, आणि तो पाळावासा वाटतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. हातात परवाना आला म्हणजे त्या दिवशी त्या किनाऱ्यावरचं खायला मोकळीक मिळाली, असं नाही. परवाना हे सगळ्यात सोपं काम. खरं काम निघायच्या दिवशी सकाळी करायचं असतं, आणि नवखी माणसं नेमकं तेच विसरतात.

परवाना कोणाला, कोणता

पंधरा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला परवाना लागतो. तो राज्याचं फिश अँड वाइल्डलाइफ खातं देतं. ऑनलाइन मिळतो, आणि मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानांतही मिळतो. तिसऱ्या, कालवं, शिणाणे (मसल्स) यांच्यासाठी 'शेलफिश अँड सीवीड' परवाना घ्यायचा. समुद्राकडच्या लांब वाळूच्या किनाऱ्यांवर रेझर क्लॅम म्हणून लांबट, चाकूच्या मुठीसारखी शिंपली मिळते, तीही याच परवान्यात येते; फक्त तीच काढायची असेल तर तिच्यापुरता वेगळा परवानाही मिळतो. मासे, शिंपल्या सगळंच करायचं असेल तर एकत्रित वार्षिक परवाना परवडतो.

परवान्याचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं. फेब्रुवारीत वार्षिक परवाना घेतलात तर तो दीडेक महिनाच चालेल. राज्यात सलग ९० दिवस राहिलेल्या माणसाला रहिवाशाचा दर लागतो. कालपरवाच इथे बदली होऊन आलेल्यांना बाहेरच्या माणसाचा, जास्तीचा दर भरावा लागतो. थोडं थांबता येत असेल तर थांबा.

आईबाबा उन्हाळ्यात भेटीला येतात त्यांच्यासाठी एक, दोन किंवा तीन दिवसांचा एकत्रित परवाना आहे. तो नक्की घ्या. "बाबा फक्त बघणार आहेत" म्हणून आपण निघतो, आणि ओली वाळू दिसली की बाबा विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तुमच्याआधी बसलेले असतात.

पंधराच्या खालच्या मुलांना परवाना लागत नाही, पण दिवसाची मर्यादा त्यांनाही तेवढीच आहे. खेकड्याचं मात्र वेगळं आहे. प्युजेट साउंडमध्ये, म्हणजे सिॲटललगत आत शिरलेल्या समुद्रात, डंजनेस जातीचा खेकडा धरायचा तर नोंदीचं कार्ड लहान मुलालाही लागतं, आणि धरलेला प्रत्येक खेकडा त्यावर लगेच लिहावा लागतो. खेकड्यांचा विषय मोठा आहे, तो इथे घेत नाही.

परवाना हा घरच्या खाण्यापुरता असतो. काढलेल्यातलं काहीही विकता येत नाही, मंडळाच्या जेवणावळीलाही नाही. विक्रीच्या शिंपल्यांसाठी आरोग्य खात्याची वेगळी मान्यता आणि तपासणी असते. बाजारातल्या शिंपल्यांच्या पिशवीला एक चिठ्ठी बांधलेली असते. माल कुणी, कुठून, कधी काढला ते तिच्यावर लिहिलेलं असतं, आणि पिशवी संपल्यावरही दुकानदारानं ती चिठ्ठी ९० दिवस जपून ठेवायची असते. कुणी आजारी पडलं तर माग काढता यावा म्हणून.

वाळू कुणाची

हा भाग आपल्या लोकांना सगळ्यात चमत्कारिक वाटतो. आपल्या मनात समुद्रकिनारा म्हणजे सगळ्यांचा. वॉशिंग्टनमध्ये तसं नाही. १८८९ मध्ये हा प्रदेश राज्य झाला आणि भरती-ओहोटीच्या रेषांमधली जमीन राज्य सरकारनं लोकांना विकायला काढली. १८९५ मध्ये बुश आणि कॅलो नावांचे दोन कायदे झाले, ते खास कालवांची शेती करणाऱ्यांना अशी जमीन मिळावी म्हणूनच. ही विक्री १९७१ मध्ये बंद झाली, पण तोवर प्युजेट साउंडच्या काठाची बरीचशी जमीन खासगी होऊन गेली होती. त्यामुळे पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली वाळू कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असू शकते असंच समजा. गाडी लावायला जागा आहे आणि कुंपण नाही, एवढ्यावरून किनारा सार्वजनिक ठरत नाही.

वाळूत ओळीनं रोवलेले पीव्हीसीचे पाइप, जाळी अंथरलेले वाफे किंवा कालवांनी भरलेल्या जाळीदार पिशव्या दिसल्या तर ते कुणाचं तरी शेत आहे. तिथलं एक शिंपलंसुद्धा उचलायचं नाही.

इथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे आदिवासी राष्ट्रांच्या, राखीव भूभागातले किनारे त्यांचे आहेत. त्यामागचा इतिहास इथे राहणाऱ्याला माहीत असायला हवा. १८५४-५५ मध्ये गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यांनी मेडिसिन क्रीक, पॉइंट इलियट, पॉइंट नो पॉइंट असे करार करून या लोकांकडून जवळजवळ सगळी जमीन घेतली. पण आपल्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क त्या लोकांनी करारात राखून ठेवला. पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ तो कागदावरच राहिला. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की धरण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा आदिवासींचा आहे. १९९४ मध्ये न्यायाधीश एडवर्ड रफीडी यांनी तेच तत्त्व शिंपल्यांना लावलं. म्हणून आज सार्वजनिक किनाऱ्यांवर किती तिसऱ्या आहेत ते आधी मोजलं जातं, राज्य आणि आदिवासी राष्ट्रं मिळून वाटा ठरवतात, आणि आपल्या वाट्याचं संपलं की किनारा बंद होतो. एखादा किनारा वर्षातून महिना-दीड महिनाच का उघडा असतो, याचं कारण पुष्कळदा हे असतं.

नवख्यांनी सुरुवात राज्य उद्यानांपासून करावी. हूड कनालवरचं डोसेवॉलिप्स, पॉटलॅच आणि ट्वानो, साउंडच्या दक्षिणेला पेनरोज पॉइंट, उत्तरेला बर्च बे. राज्य उद्यानात गाडी लावायला डिस्कव्हर पास लागतो, तो मासेमारीच्या परवान्याहून वेगळा. आणि उद्यानातही हद्दीचे खांब बघूनच पुढे जा. खांबापलीकडची वाळू दिसायला तशीच असते, पण मालक वेगळा असतो.

निघायच्या सकाळी: दोन खाती, दोन उत्तरं

इथे घाई करू नका. पहिला प्रश्न फिश अँड वाइल्डलाइफ खात्याला: आज या किनाऱ्यावर हंगाम सुरू आहे का? त्यांच्या संकेतस्थळावर प्रत्येक सार्वजनिक किनाऱ्याचं स्वतंत्र पान आहे. तिसऱ्यांचा आणि कालवांचा हंगाम वेगवेगळा असू शकतो. तातडीचे आदेश मधूनच निघतात आणि छापील पुस्तिकेपेक्षा तेच खरे धरायचे.

दुसरा प्रश्न राज्याच्या आरोग्य खात्याला: आज इथलं खाणं सुरक्षित आहे का? त्यांचा शेलफिशच्या सुरक्षिततेचा नकाशा ऑनलाइन आहे, त्यावर किनाऱ्यांची आजची स्थिती रंगांनी दाखवलेली असते. इंटरनेट नसेल तर फोनवर ऐकायची सोयही आहे. एका खात्याचा हंगाम सुरू असताना दुसऱ्या खात्यानं तोच किनारा विषामुळे बंद केलेला असू शकतो. दोन्हीकडून होकार आला तरच निघायचं. मी आदल्या रात्री बघते आणि सकाळी गाडीत बसताना पुन्हा बघते.

एवढी काळजी कशासाठी? समुद्रात अलेक्झँड्रियम नावाचं सूक्ष्म शेवाळ असतं. ते वाढलं की पाणी गाळून खाणाऱ्या शिंपल्यांच्या मांसात सॅक्सिटॉक्सिन नावाचं विष साठतं. शिंपलीला काही होत नाही, तिच्या चवीत, वासात, रंगात फरक पडत नाही. खाणाऱ्याला मात्र काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत ओठ आणि जीभ मुंग्या आल्यासारखी होते, मग हातपाय, आणि जास्त विष गेलं असेल तर श्वास घेणारे स्नायूच थांबतात. यावर उतारा असं औषध नाही. रुग्णालयात कृत्रिम श्वास देऊन माणसाला तगवतात. शंभर ग्रॅम मांसात ८० मायक्रोग्रॅम विष आढळलं की आरोग्य खातं तो किनारा बंद करतं.

आणि हे विष शिजवून जात नाही. उकळून, तळून, गोठवून, कोकमात घालून, कशानंच नाही. "आपण कच्चं थोडंच खातो, आपलं तर मसाल्यात चांगलं रटरटतं" हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की इथे ठळक लिहिते: शिजवण्याचा आणि या विषाचा काही संबंध नाही. चांदीचं नाणं पातेल्यात टाकून बघणं, पाण्याचा रंग लाल आहे का बघणं, यांनीही काही कळत नाही. पाणी स्वच्छ निळं असतानाही विष असू शकतं.

जून १७९३ मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतल्या खलाशांनी आज ब्रिटिश कोलंबियात असलेल्या एका खाडीत न्याहारीला शिणाणे भाजून खाल्ले. जॉन कार्टर नावाचा खलाशी त्याच दिवशी गेला. व्हँकुव्हरनं त्या जागेला पॉइझन कोव्ह म्हणजे विषाची खाडी असं नाव दिलं, ते आजही नकाशावर आहे. आणि हे जुन्या काळापुरतंच आहे असं नाही. मे २०२४ मध्ये शेजारच्या ओरेगॉनमध्ये किनाऱ्यावरचे शिणाणे खाऊन चाळीसहून जास्त माणसं आजारी पडली होती.

विषाचे आणखी प्रकार आहेत. रेझर क्लॅममध्ये डोमोइक ॲसिड साठतं, त्यानं स्मरणशक्तीवर परिणाम होतो. वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर ते १९९१ मध्ये पहिल्यांदा सापडलं, आणि तेव्हापासून रेझर क्लॅमच्या खणण्याच्या प्रत्येक फेरीआधी नमुने तपासूनच परवानगी जाहीर होते. बटर क्लॅम नावाची जाड शिंपली सॅक्सिटॉक्सिन वर्षभरसुद्धा अंगात धरून ठेवते. त्यामुळे कधी कधी नकाशावर "बटर क्लॅम सोडून बाकी चालेल" असं असतं. शिंपल्या ओळखता येत नसतील तर त्या दिवशी तिथे जाऊ नका.

सांडपाण्याचं प्रदूषण हे तिसरं कारण. एव्हरेटपासून टॅकोमापर्यंतच्या पूर्वेकडच्या शहरी काठावरचं काहीही खाऊ नये, असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. घराजवळच्या किनाऱ्यावर फिरताना तिसऱ्या दिसतात, मोह होतो, पण त्या तिथेच राहू द्या.

ओहोटी बघून निघा

कोकणातल्यांना हे शिकवायला नको, फक्त एक फरक लक्षात ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खोल आत जातं हे इथेही खरं, पण इथल्या खोल ओहोट्या वसंत आणि उन्हाळ्यात दिवसा येतात, तर हिवाळ्यात रात्री. म्हणून डिसेंबरातले रेझर क्लॅमवाले डोक्याला दिवे बांधून काळोखात खणताना दिसतात. ओहोटीच्या तक्त्यात फुटांचा आकडा असतो. शून्याच्या खाली, म्हणजे उणे आकडा असेल तो दिवस उत्तम. ओहोटीच्या ठरल्या वेळेआधी दीड-दोन तास पोहोचा आणि पाणी वळलं की तुम्हीही वळा.

किनाऱ्यावर

तुम्हाला हवी असलेली तिसरी म्हणजे मॅनिला क्लॅम. ती आपल्या तिसऱ्यांच्याच कुळातली. मूळची इथली नव्हे. विसाव्या शतकात जपानहून कालवांचं बी आणलं, त्याच्यासोबत चुकून आली आणि रमली. ती खोल जात नाही. दोन ते चार इंचांवर खडीमिश्रित वाळूत असते, बागेतल्या छोट्या पंजानं वाळू ओढली तरी वर येते. फावडं मारलंत तर निम्म्या फुटतील.

प्युजेट साउंडमधली दिवसाची मर्यादा माणशी ४० शिंपल्या किंवा कवचासकट दहा पौंड, म्हणजे साडेचार किलो, यांतलं जे आधी भरेल ते. प्रत्येक शिंपली किमान दीड इंचाची हवी. मोजण्यासाठी प्लॅस्टिकची छोटी पट्टी मिळते, ती गळ्यात अडकवा. लहान निघाली तर तिथेच परत पुरायची. शिणाणे दहा पौंडांपर्यंत. रेझर क्लॅममध्ये निवडानिवड चालत नाही: पहिल्या १५ तुमच्या, मग त्या लहान असोत की फुटलेल्या. फुटलेली टाकून दुसरी घेतली तर दोन मरतात, म्हणून.

प्रत्येकानं स्वतःचं स्वतः काढायचं आणि स्वतःच्या भांड्यात ठेवायचं. ही चूक आमची स्वतःची आहे. पहिल्या वर्षी आम्ही चौघांचं मिळून एकाच बादलीत भरलं होतं. उद्यानातून बाहेर पडताना खात्याच्या अधिकारी बाई आल्या, परवाने बघितले आणि बादली वाळूवर ओतून एकेक शिंपली मोजायला बसल्या. आकडा चौघांच्या मर्यादेत होता, तरी एकाच बादलीत का, हे त्यांनी आम्हाला दहा मिनिटं शांतपणे समजावलं. तेव्हापासून आमच्याकडे चार रंगांच्या चार जाळीदार पिशव्या आहेत. परवाना जवळ ठेवा, गाडीत नको.

निघताना खड्डा बुजवा. तो नियमही आहे. उपसलेल्या वाळूचा ढीग तसाच राहिला तर त्याच्याखाली बारीक तिसऱ्या गुदमरून मरतात.

कालवांचा नियम तर मला फार आवडतो. माणशी १८, अडीच इंचांच्या पुढची. पण ती जागेवरच फोडायची, मांस डब्यात भरायचं आणि कवचं तिथेच, ज्या उंचीवरून उचलली त्याच उंचीवर ठेवून यायची. कालवाचं पिल्लू पाण्यात तरंगत फिरतं आणि बसायला कठीण जागा शोधतं. जुन्या कवचासारखी जागा त्याला दुसरी नाही. डोसेवॉलिप्सला एक रिकामं कवच मी उलटून पाहिलं, तर त्याच्या आतल्या पांढऱ्या चकचकीत भागावर नखाएवढी सात पिल्लं चिकटली होती. ते कवच मी आठवण म्हणून घरी आणलं असतं तर ती सातही गेली असती. कालवं फोडताना जाड हातमोजा घाला आणि बोथट टोकाची सुरी वापरा.

परतताना आणि घरी

बर्फाचा डबा सोबत हवाच, खास करून मे ते सप्टेंबर. उन्हात तापलेल्या कालवांत व्हिब्रिओ नावाचे जिवाणू भराभर वाढतात आणि पोट फार वाईट बिघडवतात. पाणी ओसरल्या-ओसरल्या उघडी पडलेली कालवं घ्या, दोन तास उन्हात पडलेली नको, आणि लगेच बर्फावर ठेवा. उन्हाळ्यात कच्ची खाऊ नका. हे जिवाणू शिजवल्यावर मरतात; आतपर्यंत ६३ अंश सेल्सियस तापमान १५ सेकंद मिळायला हवं.

तिसऱ्यांची वाळू काढायला किनाऱ्यावरूनच स्वच्छ समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणा. त्यात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, त्या वाळू ओकतात. नळाच्या पाण्यात ठेवल्या तर मरतात. सकाळी टिचकी मारल्यावर न मिटणाऱ्या काढून टाका. मग एकशिपी करा, सुकं करा, तुमची मर्जी. मॅनिलाला पाणी पुष्कळ सुटतं, म्हणून वरून पाणी घालायची घाई नको, आणि मीठ शेवटी चाखूनच घाला.

जेवल्यावर कुणाला ओठांना, जिभेला मुंग्या आल्यासारखं वाटलं तर वाट बघत बसू नका, लगेच ९११ ला फोन करा आणि शिंपल्या खाल्ल्या आहेत हे आधी सांगा.

ताज्या मालाची एका दिवसाचीच मर्यादा जवळ बाळगता येते, त्यापुढचं गोठवलेलं किंवा शिजवून ठेवलेलं असावं लागतं. गोठवताना पिशवीवर किनाऱ्याचं नाव आणि तारीख पेनानं लिहा. चार दिवसांनी नकाशावर तो किनारा बंद झालेला दिसला, तर फ्रीजरमधली कोणती पिशवी आधीची आणि कोणती नंतरची हे त्या दोन ओळींवरूनच कळतं.